पंचांग एकच, मग न्यू जर्सीत आणि पुण्यात सणाची तारीख वेगळी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, आई पुण्यात आहे आणि बहीण सिडनीला. २०२४ च्या दिवाळीत आईने लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला केले, तुमच्या गावच्या मंदिरात ते गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला झाले, आणि बहिणीकडे पुन्हा १ नोव्हेंबरलाच. संकष्टीच्या बाबतीतही वर्षातून अनेकदा असेच होते. तुमच्या भिंतीवर पुण्याहून आणलेले कालनिर्णय आहे, मोबाइलवर ॲप आहे आणि आईच्या हाती दाते पंचांग. यांपैकी चूक कोणाचे, आणि वडिलांचे वर्षश्राद्ध कोणत्या दिवशी करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

पंचांगाचे गणित आणि तिथिनिर्णय हेच माझे काम आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यांच्या गावचे मुहूर्त काढून देताना हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटले. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले आहेत. तिथी कोणत्या क्षणी सुरू होते आणि संपते, हा गणिताचा प्रश्न आहे. त्या तिथीचे व्रत किंवा सण कोणत्या दिवशी धरायचा, हा धर्मशास्त्राचा. आणि चालू महिन्याला श्रावण म्हणायचे की भाद्रपद, हा अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठून मोजायचा याचा. तुमच्या घरातला गोंधळ जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या प्रश्नातून आला आहे. मोबाइलवरचे ॲप आणि आईचे पंचांग यांच्या गणितात मला तरी कोणतीही तफावत दिसत नाही.

प्रथम गणित पाहू. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, आणि ३६० अंशांच्या फेरीत अशा ३० तिथी होतात. चंद्राची गती रोज सारखी नसल्यामुळे तिथीची लांबीही सारखी नसते. ती साधारण २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत कमीजास्त होते. जुन्या ग्रंथांच्या स्थूल गणितात तिथी जास्तीत जास्त ६५ घटी आणि कमीत कमी ५४ घटी धरली जाई (एक घटी म्हणजे २४ मिनिटे), ज्याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणतात, म्हणजे ६० घटींवर पाचाची (बाण) वाढ आणि सहाची (रस) घट. गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वर, म्हणजे शके १४४२ च्या ग्रंथावर, महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके चालली. आज बाजारात मिळणारी बहुतेक मराठी पंचांगे दृक्प्रत्ययाची आहेत, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष पडताळा येईल अशा गणिताची, त्यामुळे त्यांच्या तिथिसमाप्तीच्या वेळा एखाद्या मिनिटाच्या फरकाने जुळतात.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की तिथीचा आरंभ आणि शेवट हा सगळ्या पृथ्वीसाठी एकच क्षण असतो. पुण्यात संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी अमावास्या संपली, तर त्याच क्षणी ती एडिसनलाही संपली आणि सिडनीलाही; वेगळे असते ते फक्त तिथल्या घड्याळातले आकडे. चंद्रग्रहणाचेही असेच असते. ग्रहणाचा मध्य सगळीकडे एकाच क्षणी होतो, मात्र त्या क्षणी एका गावी मध्यरात्र असते, दुसऱ्या गावी भर दुपार.

पंचांगातला दिवस मात्र मध्यरात्री बदलत नाही. तो सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा आपापला असतो. म्हणून काही पंचांगांत २५, २६, २८ असे तासांचे आकडे दिसतात. २८:५२ याचा अर्थ दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे ४ वाजून ५२ मिनिटे, पण पंचांगाच्या हिशेबी अजून तोच वार चालू आहे. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी असते तिचे नाव त्या दिवसाला मिळते. एखादी तिथी दोन सूर्योदयांना सापडली तर ती वृद्धितिथी, आणि एकाही सूर्योदयाला सापडली नाही तर क्षयतिथी.

शके १९४८ च्या, म्हणजे २०२६ च्या गुढीपाडव्याची ओळ पंचांगात काढून पाहा, म्हणजे हे सगळे एकाच ठिकाणी दिसेल. गुरुवार, १९ मार्च. अमावास्या सकाळी ६:५२ ला संपते. पुण्याचा सूर्योदय त्याच्या दहाबारा मिनिटे आधीचा आहे, त्यामुळे सूर्योदयाला अमावास्या आहे. प्रतिपदा ६:५२ ला लागते आणि २८:५२ ला, म्हणजे शुक्रवारी पहाटे ४:५२ ला संपते. शुक्रवारच्या सूर्योदयाला द्वितीया लागलेली असते. बावीस तासांची ही प्रतिपदा दोन सूर्योदयांच्या मधल्या फटीत मावते, म्हणून पुण्यात ती क्षयतिथी ठरते. अशा वेळी ज्या दिवशी प्रतिपदा मिळते त्याच दिवशी, म्हणजे १९ मार्चला, गुढी उभारायची असा निर्णय आहे. द्वारकेला सूर्य पुण्यापेक्षा बराच उशिरा उगवत असल्याने तिथे सूर्योदयापूर्वीच प्रतिपदा लागते, आणि एकाच देशात एकाच दिवशी पुण्यात क्षयतिथी असलेली प्रतिपदा द्वारकेत साधी उदयतिथी ठरते.

आता हीच ओळ तुमच्या गावी नेऊ. मार्चमध्ये तुमचे घड्याळ पुण्याच्या साडेनऊ तास मागे असते. प्रतिपदा तुमच्याकडे १८ मार्चच्या रात्री ९:२२ ला लागते आणि १९ मार्चच्या संध्याकाळी ७:२२ ला संपते. १९ मार्चचा तुमचा सूर्योदय सकाळी सातच्या सुमारास होतो आणि त्या वेळी निर्मळ प्रतिपदा असते. क्षयाचा प्रश्नच येत नाही. सिडनीत प्रतिपदा १९ मार्चला दुपारी १२:२२ ला लागते आणि २० मार्चला सकाळी १०:२२ ला संपते. तिथल्या १९ तारखेच्या सूर्योदयाला अमावास्या आहे आणि २० तारखेच्या सूर्योदयाला प्रतिपदा, म्हणून तुमच्या बहिणीचा पाडवा शुक्रवारी, २० मार्चला येतो. तिघांकडेही प्रतिपदा तीच, बावीस तास तेच आणि शास्त्राचा नियमही तोच आहे. तारीख तेवढी दोघांची एक आणि तिसऱ्याची दुसरी.

पाडव्याला सूर्योदयाची तिथी पाहतात. पण प्रत्येक सणाला सूर्योदयाचीच तिथी घ्यायची नसते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ज्या कर्माचा जो मुख्य काळ, त्या काळात तिथी असली पाहिजे. याला कर्मकालव्याप्ती म्हणतात. दिवसमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, पाच समान भाग करतात: प्रातःकाल, संगव, मध्यान्ह, अपराह्न आणि सायान्ह. गणेश चतुर्थी आणि रामनवमी मध्यान्हाला, विजयादशमी अपराह्नाला, लक्ष्मीपूजन प्रदोषाला, महाशिवरात्र आणि जन्माष्टमी निशीथाला म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास, संकष्टी चंद्रोदयाला. दोन्ही दिवशी त्या काळात तिथी असेल, किंवा एकाही दिवशी नसेल, तर काय करावे याचे निर्णय कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’त आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांच्या ‘धर्मसिंधू’त दिलेले आहेत. धर्मसिंधू शके १७१२ मधला आहे आणि मराठी घरांचे सण आजही मोठ्या प्रमाणावर त्याच्या आधाराने ठरतात.

आता तुमचे २०२४ चे लक्ष्मीपूजन. अमावास्या भारतीय वेळेनुसार ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६ ला संपली. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरच्या सुमारे सहा घटिका, साधारण दोन तास चोवीस मिनिटे. पुण्यात ३१ तारखेचा पूर्ण प्रदोष अमावास्येत होता. १ तारखेला सूर्य सहाच्या सुमारास मावळला आणि त्यानंतर सुमारे पाव तास अमावास्या उरली होती. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्येचा स्पर्श झाला. अशा वेळी दुसरा दिवस घ्यावा, हा पक्ष धरून महाराष्ट्रातील पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. उत्तरेकडील अनेकांनी पूर्ण प्रदोष आणि मध्यरात्र या दोन्ही वेळा अमावास्येत मिळतात म्हणून ३१ ऑक्टोबर मानला. हा मतभेद विद्वानांचा आहे. त्यात गणिताचे कोणतेही भांडण नव्हते आणि दोन्ही बाजूंची पंचांगे तिथीच्या समाप्तीची तीच वेळ देत होती.

तुमच्याकडे मात्र मतभेदाला जागाच नव्हती. एडिसनला अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी ६:२२ ला लागली आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी ८:४६ ला संपली. ३१ च्या संध्याकाळी पूर्ण प्रदोष अमावास्येत होता. १ तारखेच्या संध्याकाळी अमावास्या संपून नऊ तास उलटले होते. धर्मसिंधूचा कोणताही पक्ष घेतला तरी न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरच येतो. सिडनीत अमावास्या ३१ च्या रात्री ९:२२ पासून १ च्या रात्री ११:४६ पर्यंत होती, त्यामुळे तिथे १ नोव्हेंबरचा प्रदोष निर्विवाद. म्हणजे तुमच्या मंदिराने केले ते बरोबर होते, बहिणीने केले ते बरोबर होते आणि आईने महाराष्ट्राच्या परंपरेला धरून केले तेही बरोबर होते. तुमचे ॲप ३१ दाखवत होते कारण त्यात स्थळ एडिसन होते. भिंतीवरचे कालनिर्णय मुंबईसाठी छापलेले आहे आणि मुंबईपुरते ते बरोबरच होते.

२०२५ साली पेच आणखी अवघड होता, कारण २१ ऑक्टोबरला अमावास्या संध्याकाळी ५:५४ ला, म्हणजे पुण्याच्या सूर्यास्ताच्या काही मिनिटे आधीच संपली होती, आणि तरीही महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ लाच झाले, उत्तरेत बहुतेक ठिकाणी २० ला. त्या निर्णयाची चर्चा इथे केली तर लेख दुसरीकडेच जाईल. परदेशस्थांनी लक्षात ठेवायचे ते इतकेच की भारतातला वाद भारताच्या सूर्यास्तापुरता असतो. त्या वर्षीही एडिसनला अमावास्या २१ च्या सकाळी संपली होती आणि लक्ष्मीपूजनाला २० ऑक्टोबरची संध्याकाळच मिळत होती.

“पण आपले शास्त्र भारतातले, मग वेळही भारताचीच का धरू नये?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. माझे उत्तर संकल्पात आहे. कोणत्याही पूजेच्या आरंभी आपण देश आणि काळ उच्चारतो. पुण्यात गुरुजी ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात. नाशिकला गोदावरीच्या उत्तर तीरावर बसलेला पुरोहित ते म्हणत नाही. पाठोपाठ संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र येते. म्हणजे आपण कोठे बसलो आहोत आणि या घडीला आकाश कसे आहे, हे आपण देवासमोर सांगतो. १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी एडिसनला बसून ‘अमावास्यायां तिथौ’ म्हटले असते तर ते विधान खरे झाले नसते, कारण त्या वेळी प्रतिपदा चालू होती. भारताची तारीख परदेशी नेण्याविरुद्ध यापेक्षा सरळ कारण मला माहीत नाही. आपल्या परंपरेने पंचांग नेहमीच गावागावासाठी दुरुस्त करून वापरले आहे. प्रमाणवेळ १९०६ साली आली. त्यापूर्वी प्रत्येक गाव आपल्या सूर्याने चाले, लग्नाचा मुहूर्त घंगाळातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्राने साधत, आणि जोशीबुवा एका ठिकाणच्या पंचांगाला दुसऱ्या ठिकाणचा देशांतर संस्कार, म्हणजे रेखांशातील फरकाची दुरुस्ती, देत असत. आज न्यू जर्सीसाठी वेळ काढणे हे त्याच कामाचे लांब अंतरावरचे रूप आहे.

संकष्टीचा घोळ तुम्हाला जास्त जाणवतो याचे कारण तिचा कर्मकाल चंद्रोदय आहे आणि तो रात्री येतो. उदाहरणादाखल, समजा मंगळवारी भारतात रात्री ११ ला वद्य चतुर्थी लागली आणि बुधवारी रात्री साडेअकराला संपली. पुण्यात चंद्रोदय नऊ-साडेनऊचा असेल तर मंगळवारच्या चंद्रोदयाला तृतीया आहे, म्हणून संकष्टी बुधवारी. तुमच्याकडे उन्हाळी वेळेनुसार तीच चतुर्थी मंगळवारी दुपारी दीडला लागते आणि बुधवारी दुपारी दोनला संपते. चतुर्थीतला चंद्रोदय तुम्हाला मंगळवारी रात्रीच मिळतो. तुमची संकष्टी मंगळवारी, म्हणजे ती अंगारकीही झाली, आणि आईची मात्र नाही. हे विचित्र वाटते, पण त्यात काहीही वावगे नाही. आणखी एक गोष्ट सांगतो: कालनिर्णयात छापलेली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशातच सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे, त्यामुळे उपवास सोडण्यासाठी ती वेळ विदर्भातसुद्धा जशीच्या तशी चालत नाही. अमेरिकेत तर तिचा काहीच उपयोग नाही.

वेळा बदलून घेताना दोन ठिकाणी चुका होताना मी पाहतो. पहिली उन्हाळी वेळेची. भारत आणि न्यू जर्सी यांच्यातला फरक मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत साडेनऊ तास असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. सिडनीचे घड्याळ तर याच्या उलट ऋतूंत पुढे-मागे होते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. तिथी, नक्षत्र, योग आणि करण यांच्या समाप्तीच्या वेळांतून तासांची वजाबाकी केली की काम होते, कारण ते सगळीकडे एकाच क्षणी संपतात. राहुकाळ, प्रदोष, मध्यान्ह, अपराह्न आणि चंद्रोदय यांना ही वजाबाकी लागू पडत नाही. ते तुमच्या गावच्या सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदयावरून नव्याने काढावे लागतात. मुंबईच्या राहुकाळातून साडेनऊ तास वजा करून न्यू जर्सीचा राहुकाळ म्हणून पाठवलेले संदेश मी वाचले आहेत. त्यांना काहीही आधार नाही.

तुमच्या प्रश्नाखाली एका वाचकाने असे लिहिले होते की त्यांच्या कोकणातल्या घरी २०२३ साली गणपती महिनाभर आधी बसला, मग पंचांगावर विश्वास कसा ठेवायचा. हा तिसरा, अयनांशाचा प्रश्न आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून प्रसिद्ध केलेल्या पटवर्धनी पंचांगात रेवती नक्षत्राच्या योगतारेपासून, म्हणजे मुख्य ताऱ्यापासून, राशिचक्राचा आरंभ मानला, आणि पुढे लोकमान्य टिळकांनी पुरस्कारलेल्या पंचांगातही तीच दिशा राहिली. बहुतेक इतर पंचांगे चित्रा ताऱ्यावर आधारलेला आरंभ मानतात. दोहोंत सुमारे ४ अंशांचा फरक आहे, म्हणून टिळक पंचांगात सूर्याची प्रत्येक संक्रांत, म्हणजे नव्या राशीतला प्रवेश, सुमारे चार दिवस आधी होते. ज्या चांद्रमासात संक्रांत नसते तो अधिकमास. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट या महिन्यात चित्रापक्षाने संक्रांत नव्हती, म्हणून तो अधिक श्रावण ठरला आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांगाने सिंह संक्रांत त्याच महिन्यात पडली, म्हणून तो साधा श्रावण झाला आणि गणपती ऑगस्टमध्येच आले. घराण्यात टिळक पंचांग चालत असेल तर ते चालू ठेवावे, तो कुलाचार आहे. मात्र एक सण एका पंचांगाने आणि दुसरा दुसऱ्या पंचांगाने करू नये, कारण त्यामुळे वर्षाचा क्रमच मोडतो.

तुमच्या ॲपविषयी विचारले आहे, म्हणून त्यातल्या काही गोष्टी तपासून घ्या. स्थळ एडिसन आहे का, ते पाहा. प्रवासात ते आपोआप बदलते. अयनांश चित्रापक्ष किंवा लाहिरी असा असावा, अर्थात तुमच्या घरी टिळक पंचांग नसेल तर. महिना अमान्त ठेवा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षाचे नाव बदलते: आपण ज्याला माघ वद्य चतुर्दशी म्हणतो तिला उत्तरेतले पंचांग फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणते, आणि महाशिवरात्र दोघांचीही त्याच दिवशी येते. तुमच्या मंदिरात उत्तर भारतीय मंडळी बहुसंख्य असतील तर तिथल्या दिनदर्शिकेत महिन्याचे नाव वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. एकादशीच्या बाबतीत मात्र दोन दिवस खरोखर वेगळे असू शकतात. सूर्योदयाच्या आधीच्या चार घटिकांत, म्हणजे सुमारे ९६ मिनिटांत, दशमीचा स्पर्श असेल तर भागवत संप्रदाय ती एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी उपवास करतो. घरी पंढरीची वारी असेल तर भागवत, नसेल तर सहसा स्मार्त. हे आईला विचारून ठरवा.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि तिथे मी नियमाचा आग्रह धरत नाही. मंडळाचा गणेशोत्सव सभागृह मिळते म्हणून शनिवारी होतो. तो सामाजिक उत्सव आहे आणि त्याला तिथीचे बंधन लावण्याची गरज नाही. घरची प्राणप्रतिष्ठा मात्र चतुर्थीच्या मध्यान्हीच करावी. कामावर रजा मिळत नसेल तर लक्ष्मीपूजन प्रदोषातच, पण थोडक्यात करावे, हे दुसऱ्या दिवशी थाटाने करण्यापेक्षा मला योग्य वाटते. आईच्या पूजेत व्हिडिओ कॉलवरून सहभागी व्हायचे असेल तर जरूर व्हा, आरतीही म्हणा; तुमच्या घरचा संकल्प मात्र तुमच्या संध्याकाळी करा. आणि घरात दीर्घकाळ भारताच्या तारखेनेच सगळे चालत आले असेल, वडीलधारी मंडळी त्यावर ठाम असतील, तर सणांच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालायला सांगणार नाही. श्राद्धाच्या बाबतीत मात्र सांगेन, कारण ते कालाशी अधिक घट्ट बांधलेले कर्म आहे.

तर आता वडिलांचे श्राद्ध. मृत्यूच्या क्षणी जी तिथी होती तीच त्यांची तिथी, आणि तो क्षण सगळ्या जगाला एकच असल्यामुळे ते पुण्यात गेले की न्यू जर्सीत याने तिथी बदलत नाही. समजा ते पुण्यात पहाटे तीनला गेले; तुमच्याकडे त्या वेळी आदल्या तारखेची संध्याकाळ होती, पण तिथी तीच होती. पुष्कळ कुटुंबांत इंग्रजी तारीख लक्षात राहते आणि तिच्यावरून पुढे गावागावाप्रमाणे वेगवेगळी तिथी काढली जाते, ते चूक आहे. एकदा तिथी नक्की झाली की दरवर्षी श्राद्ध कोणत्या दिवशी करायचे हे जिथे कर्म होणार तिथल्या अपराह्नावरून ठरते. भाऊ पुण्यात करत असेल तर पुण्याच्या अपराह्नावरून, तुम्ही एडिसनला करत असाल तर एडिसनच्या. दोघांची तारीख काही वर्षी एक येईल, काही वर्षी एका दिवसाने वेगळी येईल.

अपराह्नाची वेळ तुमच्या अक्षांशावर ऋतूप्रमाणे बरीच हलते, हे विसरू नका. जूनमध्ये तुमचा दिवस सुमारे पंधरा तासांचा असतो. त्याचा पाचवा भाग तीन तासांचा, आणि सूर्योदय साडेपाचच्या सुमारास धरला तर अपराह्न दुपारी अडीच ते साडेपाच असा येतो. डिसेंबरच्या शेवटी दिवस सव्वानऊ तासांचाच असतो आणि अपराह्न साधारण एकला दहा मिनिटे असतानाच सुरू होऊन पावणेतीनच्या आत संपतो. पुण्यात अपराह्नाची वेळ वर्षभरात इतकी बदलत नाही, म्हणून तिथल्या गुरुजींनी सवयीने सांगितलेली वेळ तुमच्याकडे हिवाळ्यात हुकू शकते.

वडील गेले त्या दिवसाची नोंद अशी करून ठेवा: इंग्रजी तारीख, मृत्यूची वेळ मिनिटांसह, गाव आणि तिथले घड्याळ, त्याखाली शके, अमान्त महिना, तो अधिक असल्यास तसे, पक्ष आणि तिथी. हा कागद देव्हाऱ्याजवळ ठेवा आणि बहीणभावंडांनाही त्याची प्रत द्या. दरवर्षी श्राद्धाच्या महिनाभर आधी त्या तिथीच्या आरंभ-समाप्तीच्या वेळा आपल्या गावच्या घड्याळात लिहून काढा, दिवसमानाला पाचाने भागून अपराह्न काढा आणि दोन्ही एकमेकांवर कोठे बसतात ते पाहा. तिथी दोन्ही दिवशी अपराह्नाला स्पर्श करत असेल, किंवा एकाही दिवशी करत नसेल, तेवढ्याच वर्षी जाणत्याला विचारावे लागेल. एरवी हे काम तुम्ही स्वतः करू शकाल.